दोनदा उकळायचं, दोनदा पाणी फेकायचं

मे महिना लागला की फिनलंडमधल्या पाइनच्या जंगलांत, वाळूसर जमिनीतून कोर्वासिएनी ही अळंबी वर येते. तपकिरी, अक्रोडाच्या गरासारख्या वळ्यांची. कच्ची खाल्ली तर जीव घेऊ शकते, तरी बाजारात ती राजरोस विकली जाते. सोबत विषाचा इशारा आणि शिजवण्याची रीत छापलेली असते.

ती रीत मी हेलसिंकीत शेजारच्या आजींच्या ओट्याशी उभं राहून पाहिली. पातेलं चढवण्याआधी त्यांनी खिडक्या सताड उघडल्या, चिमणी सुरू केली. अळंबी एक वाटा, पाणी तीन वाटे. उकळी फुटल्यावर पुढे निदान पाच मिनिटं. पातेल्यावर वाकून बघू लागले, तर त्यांनी हाताने मागे सारलं. ते पाणी ओतून दिलं, अळंबी भरपूर पाण्यात खळबळून धुतली. मग ताजं पाणी, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा धुणं. अंदाजपंचे काहीच नाही. एवढं झाल्यावर कुठे लोणी, कांदा आणि क्रीम.

या प्रत्येक पायरीला कारण आहे. अळंबीतल्या जायरोमिट्रिनपासून मोनोमिथाइल हायड्रॅझिन तयार होतं. हेच रसायन अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये कक्षा बदलणाऱ्या इंजिनांचं इंधन होतं. ते पाण्यात विरघळतं आणि सुमारे ८७ अंश सेल्सिअसलाच उकळतं. म्हणजे पाणीही विषारी, वाफही विषारी.

शरीरात ते ब-६ जीवनसत्त्वाचं काम अडवतं. त्या जीवनसत्त्वाविना मेंदूला ‘गाबा’ बनवता येत नाही. मज्जापेशींची उत्तेजना आवरणारं हे द्रव्य घटलं की झटके येतात. यकृतालाही इजा होते. त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. झटके आले तर डॉक्टर शिरेतून ब-६च देतात.

नीट उकळूनही थोडं विष मागे राहू शकतं. म्हणून गरोदर व स्तनदा बायकांनी आणि मुलांनी ती खाऊ नये, असं तिथलं अन्नखातं बजावतं.

ही रीत मात्र त्या एका अळंबीपुरतीच आहे. ‘डेथ कॅप’ या दुसऱ्या विषारी अळंबीतलं अमॅटॉक्सिन हे विष उकळून, वाळवून, तळूनही जात नाही. पावसाळ्यात आपल्याकडे रानातली अळंबी आणताना ‘शिजवलं की विष मरतं’ या समजावर विसंबू नका. जाणत्याने खात्रीने ओळखली नसेल, ती अळंबी चुलीपर्यंत आणूच नका.