चक्रीवादळ : कोप नव्हे, कार्यकारणभाव

चक्रीवादळ म्हटले की कोळीवाडे, होड्या आणि नारळी-पोफळीच्या बागा डोळ्यांपुढे येतात. कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या माणसांचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने हा समज मोडला. दुपारी ते रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले आणि सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे सरकले. जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, झाडे व विजेचे खांब कोसळले.

अशा वेळी वस्तीत ‘देवीचा कोप झाला’ असे बोलणारे भेटतात. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण. म्हणून आपण कारण पाहू.

माठातले पाणी बाहेर झिरपून वाळते तेव्हा आतले पाणी गार होते, कारण वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जाते. समुद्राचे पाणी सुमारे २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की अशी वाफ मोठ्या प्रमाणात वर जाते. उंचावर तिचे ढग बनताना ती घेतलेली उष्णता परत सोडते. त्यामुळे हवा आणखी तापून वर चढते, खाली दाब कमी होतो आणि ती जागा भरायला चहूबाजूंची हवा धाव घेते. पृथ्वी फिरत असल्याने ही हवा सरळ न येता वळते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते आणि नाव देते. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. अमेरिकेकडे यालाच हरिकेन म्हणतात.

पाटाच्या पाण्यात भोवरा गरगरत पुढे वाहतो, तसे वरच्या थरातले मोठे वारे या वादळाला ढकलत नेतात. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटते, डोंगर-झाडांचे घर्षण होते आणि त्याचा जोर ओसरतो. मात्र तो एका क्षणात ओसरत नाही. म्हणूनच ‘निसर्ग’चा फटका घाटमाथ्याच्या अलीकडेही बसला.

वादळ दूरून गेले तरी हवामान बदलते. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ गुजरातेत कच्छकडे गेले. त्याने बाष्प आपल्याकडे ओढले. कोकणात पोहोचलेला मान्सून अडखळला आणि मुंबईत तो २५ जूनला दाखल झाला. पेरणीसाठी आणि रोजंदारीसाठी आभाळाकडे पाहणाऱ्यांना त्या दोन आठवड्यांची किंमत ठाऊक आहे.

१९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर, मजूरमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेबांनी पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी योजना पुढे नेली. संकट आले की नवस न बोलता नियोजन करायचे, हा धडा त्यांनी कृतीतून दिला. आपणही तो घरापुरता गिरवू शकतो.

वारा सर्वांना सारखाच लागतो, पण स्लॅबचे घर टिकते आणि पत्र्याचे उडते. नुकसानभरपाई पंचनाम्यावर मिळते, आणि पंचनाम्याच्या वेळी घराचा कागद मागितला जातो. गायरानावर किंवा वाटणी न झालेल्या जागेत राहणारी आपली कितीतरी कुटुंबे इथेच अडतात. म्हणून आमचे सांगणे असे : ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद आहे का, ते आजच पाहा, नसल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. मे महिन्यातच पत्रे तारेने आवळा. हवामान खात्याने लाल इशारा दिला तर म्हाताऱ्यांना व लेकरांना घेऊन शाळेच्या किंवा विहाराच्या पक्क्या इमारतीत जा. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. पडझड झाल्यास आवरण्यापूर्वी फोटो काढा आणि तलाठ्यास त्वरित कळवा.

वादळ थांबवणे आपल्या हाती नाही. त्याची चाहूल लागली असता हातावर हात ठेवून बसायचे की नाही, हे मात्र आपल्याच हाती आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास या विषयावर बोला, आणि ज्यांच्या घराची नोंद नाही त्यांचे अर्ज तिथेच बसून लिहून द्या.