पहारेकऱ्याची नजर

दारावर बसविलेल्या कॅमेऱ्यास हालचाल दिसते असे आपण म्हणतो खरे. परंतु केवळ चित्रावरून निर्णय करणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचे काम इतकेच असते, की लागोपाठच्या चित्रांची बिंदूगणिक तुलना करावी, आणि ठरीव मर्यादेहून अधिक बिंदूंचे तेज पालटले असल्यास मालकाकडे वर्दी धाडावी. त्यामुळे चोर, वाऱ्याने डोलणारी फांदी आणि भिंतीवरून सरकणारा मोटारीचा झोत हे तिघेही त्याच्या दरबारी सारखेच अपराधी ठरतात. रात्री अवरक्त दिव्यांच्या उजेडात भिंगालगत उडणारा क्षुद्र पतंग तर राक्षसाएवढा भासतो.

दुसरी जात उष्णता जोखणाऱ्या संवेदकाची. मानवी देहातून सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण अखंड बाहेर पडत असतात. संवेदकापुढील भिंग समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडते, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरला की उष्णतेचा फरक नोंदला जातो. म्हणून आडवा चालणारा तत्काळ सापडतो, सरळ अंगावर येणारा मात्र उशिरा. खिडकीची काच हे किरण अडविते, तेव्हा असा कॅमेरा काचेआड ठेवणे व्यर्थच. आणि विदर्भातल्या वैशाखात, परिसराचे तापमान देहाच्या तापमानाला येऊन भिडते तेव्हा, त्याची नजर मंदावते, ही बाब विक्रेते सहसा बोलत नाहीत.

सबब येणाऱ्याची वाट समोरून आडवी जाईल असा कॅमेरा लावावा, रस्ता व झाड हद्दीबाहेर आखावे, संवेदनक्षमता प्रथम मध्यम ठेवून काही रात्रींच्या नोंदींवरून ती वाढवावी वा घटवावी, भिंगावरचे कोळिष्टक वरचेवर झाडावे, आणि शेजाऱ्याचे अंगण त्या हद्दीत येत असल्यास तेही वगळावे.