धुरीने बाळाची सर्दी जात नाही

"आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. धुरी-शेगडीशिवाय बाळ तगायचं नाही." जून लागला की लोणावळ्यापासून पवन मावळापर्यंत हे घरोघरी ऐकू येतं.

पावसाबद्दल वाद नाही. पुणे शहरात वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पडतो, लोणावळ्यात ४,००० च्या पुढे. भिंतींना ओल, दुपटी आठवडाभर दमट. बाळाला ऊब हवी, हे आजीचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण ऊब वेगळी आणि धूर वेगळा.

दारं-खिडक्या लावून निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकतात आणि बाळाला वर धरतात. ते शिंकतं, खोकतं, नाक गळायला लागतं. लगेच कुणीतरी म्हणतं, "बघा, सर्दी बाहेर पडतेय." नाही हो! धुराने नाका-घशाची आग होतेय, म्हणून नाक गळतंय. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि ओव्याच्या धुराने ते मरत नाहीत. तान्हं बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०. त्यामुळे वजनाच्या मानाने बाळाच्या छातीत धूर कितीतरी जास्त जातो. चुलीसारख्या घरातल्या धुरामुळे लहान मुलांतला न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धुरीचा धूर औषधी म्हणून फुफ्फुसं त्याला वेगळं वागवत नाहीत.

त्याहून भयंकर म्हणजे बाजेखाली शेगडी ठेवून, दार लावून झोपणं. धूर संपून निखारे लाल झाले की धोका टळला असं वाटतं. पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच बाळ-बाळंतिणीचा जीव जाऊ शकतो.

मग ऊब कशी द्यायची? बाळाला आईच्या किंवा बाबाच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या. डोक्याला टकुचं, पायात मोजे घाला. दमट दुपट्यावर इस्त्री फिरवा.

आणखी काही गैरसमज:

* दात येताना जुलाब होतातच: दातांमुळे जुलाब होत नाहीत. अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएस द्या, झिंकसाठी दवाखान्यात जा.
* गुटीत मध चांगला: वर्षाच्या आत मधाचं बोटही नको, बोट्युलिझमचा धोका असतो.
* नाकात तेल सोडलं की नाक मोकळं होतं: ते तेल फुफ्फुसात उतरू शकतं.
* ताप आला की गोधडीत गुंडाळा: त्याने ताप आणखी चढतो.
* सर्दी असताना लस नको: साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका.

सर्दी झालीच तर बाळ शांत असताना अंगावरचं झबलं वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० भरले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ पीत नसलं, तर लगेच दवाखाना गाठा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्यातून बालमृत्यू घटल्याचं १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. खेड्यातल्या माणसांना जमलेलं हे काम आहे, तुम्हालाही जमेल.

पावसात वाडीवरून दवाखाना गाठायला आधीच उशीर होतो. त्यात "दोन दिवस धुरी देऊन बघू" म्हणून भर घालू नका. आशाताईंना बोलवा, १०८ ला फोन करा.