बार्शीची नोंदवही

परभणी आणि पूर्णा यांच्या मधल्या पिंगळीहून एखाद्या बाईला कॅन्सरच्या उपचारासाठी निघायचं झालं, तर आधी परभणी गाठायची आणि मग ठरवायचं: संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर रुग्णालय, की थेट मुंबईचं टाटा. रेल्वेची तिसरी एक वाट परळी, लातूर, धाराशिव करत बार्शीला जाते. भगवंताचं मंदिर, धान्याचा मोठा बाजार आणि एकेकाळची नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वे ही या गावाची आपल्याला असलेली ओळख. जगातल्या कर्करोगतज्ज्ञांना मात्र हे गाव माहीत आहे ते तिथल्या नोंदवहीमुळं.

नर्गिस दत्त ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्या नावाचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल बार्शीत उभं राहिलं आणि डॉ. भगवान नेने यांनी ते टाटा मेमोरियलच्या ग्रामीण कामाशी जोडून घेतलं. तालुक्याच्या गावी कॅन्सरचं रुग्णालय काढणं हेच त्या काळी धाडस होतं. त्याहून मोठं धाडस १९८७ साली झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नोंदणी कार्यक्रमात बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं घेऊन देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथं सुरू झाली.

शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांचे आणि प्रयोगशाळांचे कागद गोळा करणं. खेड्यात कागदच नसतात. माणूस घरी आजारी पडतो, देवाला नवस बोलतो, गावच्या डॉक्टरकडून सुई घेतो आणि घरीच जातो. रुग्णालयात बसून मोजणारा त्याला कधीच मोजणार नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. अंगावरून पांढरं किंवा लाल जाणं, स्तनात गाठ, तोंडातली न भरणारी जखम, गिळताना अडकणं, ही लक्षणं लोकांना समजावून सांगायची, असा कुणी गावात आहे का ते विचारायचं आणि त्याला तपासणीला आणायचं. शुद्ध संख्याशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर यात घोटाळा आहे, कारण मोजणारा जे मोजतोय तेच बदलतोय. पण टाटाच्या संख्याशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या मंडळींना यातूनच महत्त्वाची गोष्ट दिसली. यंत्र नाही, औषध नाही, नुसतं बोलत राहिल्यानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. मला या संस्थेचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, जरी तिचं नाव झालं ते पुढच्या कामामुळं.

ते काम ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुरू झालं. बार्शी, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. लिऑनहून डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांनी धुरा घेतली, पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका आणि त्यांच्या गावांचे ५२ गट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या गटांचे चार भाग पाडले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागाला तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा.

या तीन तपासण्यांमागचं विज्ञान वेगवेगळ्या घरचं आहे. व्हिनेगरचा प्रकार सगळ्यात साधा. पातळ ॲसिटिक ॲसिड लावलं की बिघडू लागलेल्या पेशींमधली प्रथिनं तात्पुरती गोठतात, तिथून प्रकाश जास्त परावर्तित होतो आणि मिनिटाभरात पांढरा डाग दिसतो. दिवा, कापूस आणि शिकलेली नर्स एवढं पुरतं. पॅपमध्ये पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. एचपीव्हीची गोष्ट सूक्ष्मजीवशास्त्राची. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ साली या कर्करोगाच्या पेशींत एचपीव्ही १६ शोधला आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. धाराशिवमध्ये वापरलेल्या तपासणीत विषाणूचा डीएनए उकलून त्याला जुळणारा आरएनए चिकटवतात, ही जोडी प्रतिपिंडांनी पकडतात आणि शेवटी रसायनातून निघणारा अंधुक प्रकाश यंत्रानं मोजतात. ठरलेल्या मर्यादेहून जास्त उजेड म्हणजे विषाणू आहे. इथं माणसाच्या नजरेचा, कंटाळ्याचा, सवयीचा संबंध उरत नाही, आणि माझ्या मते खरा फरक तिथंच पडला.

निकाल २ एप्रिल २००९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तपासणी नसलेल्या ३१,४८८ बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ बायकांत ३४. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. पॅपच्या गटात ५४ आणि व्हिनेगरच्या गटात ५६ मृत्यू, म्हणजे नाव घेण्यासारखा फरक नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली एचपीव्हीच्या डीएनए तपासणीला पहिली पसंती दिली. त्या शिफारशीला ज्या अभ्यासांचा आधार आहे त्यांत धाराशिवच्या या बायका येतात.

आता त्या चौथ्या भागाकडं येऊ. मुंबईच्या वस्त्यांत टाटातर्फे आणि तमिळनाडूत दिंडीगुल इथं अशाच पद्धतीचे अभ्यास झाले, तिथं व्हिनेगरच्या तपासणीची तुलना तपासणी नसलेल्या गटाशी केली. तिन्ही मिळून अशा बायका १,३८,६२४ भरतात. अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये थेट विचारलं की जी गोष्ट टाळता येते हे अनेक दशकं माहीत आहे, ती न टाळता मोजत कसे बसलात? संशोधकांचं उत्तर असं की भारतात ‘नेहमीची सेवा’ म्हणजे कुठलीच तपासणी नाही, हीच वस्तुस्थिती होती. आम्ही कुणाकडून काही काढून घेतलं नाही. शिवाय पॅप श्रीमंत देशांत चालली म्हणून इथं चालेलच, याला पुरावा नव्हता, आणि तो नव्हता हे धाराशिवच्या आकड्यांनीच दाखवून दिलं.

हे उत्तर वस्तुस्थिती म्हणून खरं आहे. नीती म्हणून ते मला पुरत नाही. सरकारनं काही केलं नाही, म्हणून ‘काही न करणं’ हे प्रमाण ठरलं, आणि त्या प्रमाणाशी तुलना करायला सर्वांत गरीब बायका हाताशी होत्या. लिऑन शहरात असा चौथा गट कुणी केला नसता. पण टीका करणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. हा अभ्यास झाला नसता तर त्या ३१,४८८ जणींना तपासणी मिळाली असती का? मराठवाड्यात राहणाऱ्या कुणालाही याचं उत्तर माहीत आहे.

बार्शीचा पुढचा अध्याय आणखी विचित्र आहे. एचपीव्हीच्या लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास देशात ९ ठिकाणी सुरू झाला, त्यांत बार्शी एक. त्याच सुमारास आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्याच्या एका निराळ्याच लसप्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळं झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण संमतीपत्रांचा भोंगळ कारभार बाहेर आला. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं सगळंच थांबवलं. बार्शीसह सर्व ठिकाणी कित्येक मुलींना ठरलेले डोस मिळालेच नाहीत, अनेकींना एकच मिळाला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं त्यांचे नमुने तपासले. २०२१ साली निष्कर्ष आला: विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसाचा परिणाम ९५.४ टक्के. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं. अर्ध्यात मोडलेल्या प्रयोगातून जगाचा लशीचा खर्च घटला. ज्या राजकीय गदारोळानं प्रयोग मोडला, त्याचं श्रेय कुणी मागितलेलं नाही.

देशाच्या २०१६ च्या कार्यक्रमात तपासणी ठरली ती व्हिनेगरची. त्याला कारण आहे, एचपीव्हीचं यंत्र आणि रसायनं महाग. मुंबईत दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्यावर व्हिनेगरनंही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते, तेव्हा ती पद्धत टाकाऊ नाही. पण फेऱ्या व्हायला हव्यात ना! पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांत अशी तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही नाहीत.

तपासणी पोचत नाही तिथं भीती मात्र पोचते. परभणी आणि बार्शी यांच्या मधे बीड जिल्हा आहे. २०१९ साली तिथल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितल्याचं अनेकींनी बोलून दाखवलं. व्हिनेगर आणि कापसानं जिथं पाहता आलं असतं, तिथं सुरी चालली, तीही कर्ज काढून.

बार्शीच्या नोंदणीचं लोण नंतर उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांपर्यंत गेलं. २०२० साली देशातल्या नोंदण्यांचा अहवाल निघाला. त्यात स्त्रियांमधल्या कर्करोगाचं वयानुसार दुरुस्त केलेलं प्रमाण देशात सर्वांत कमी इथं आलं, लाखात ४९.४. अरुणाचलच्या पापुमपारेत तेच २१९.८ होतं. खेड्यातलं राहणं, लवकर लग्नं, जास्त बाळंतपणं यांमुळं स्तनाचा कर्करोग इथं कमी, हे त्यातलं एक कारण धरता येईल. बाकीचा फरक खरोखर कमी आजाराचा आहे, की घरातच संपलेल्या माणसांचा, हे ठरवायला १९८७ सालच्यासारखं पुन्हा गावोगाव जाऊन विचारावं लागेल.