मेंढीने लग्न थांबते का?

इथिओपियाच्या अम्हारा भागात अनेक मुलींची लग्ने पंधरा वर्षांच्या आतच उरकली जात. कायद्याने वय १८, पण तो कागदावरच. २००४मध्ये ‘पॉप्युलेशन कौन्सिल’ने सरकारच्या साथीने तेथे ‘बेरहाने हेवान’ उपक्रम सुरू केला. घरच्यांना अट साधी : दोन वर्षे मुलीचे लग्न करायचे नाही, तिला शिकू द्यायचे, मग एक मेंढी मिळेल. वह्या-पेन्सिलीही मोफत, गरिबाघरी शाळा तेवढ्यावरूनही सुटते. १० ते १४ वयोगटात लग्नाची शक्यता तुलनेच्या गावापेक्षा ९० टक्क्यांनी कमी आढळली. १५ ते १९ वयोगटात मात्र उलटेच. तेथे लग्ने जास्त झाली. म्हणजे लग्न टळले नाही, बहुधा लांबले. विवाहित मुलींचेही गट होते. उपक्रमाच्या गावात गर्भनिरोधकांचा वापर वाढला.