हाताची बोटे कशी हलतात ?

मानवी शरीरात हाडांना हालचाल देणारे ६०० हून अधिक स्नायू आहेत. आखडून हाडाला ओढणे हे स्नायूचे कार्य होय. त्याला ढकलता येत नाही. म्हणूनच स्नायूंची रचना जोडीने केलेली आढळते. दंडाचा पुढील स्नायू आखडला की कोपर वाकते. मागील स्नायू आखडला की ते सरळ होते.

स्नायूची ही ओढ हाडापर्यंत पोहोचविते ती कंडरा. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पांढरा, चिवट दोर. बोटांमध्ये स्नायू नसतातच. त्यांना वाकविणारे मुख्य स्नायू कोपर व मनगट यांच्यामध्ये असून त्यांच्या कंडरा मनगटावरून थेट बोटांपर्यंत जातात. मूठ मिटताना दुसऱ्या हाताने तो भाग चाचपल्यास ही हालचाल सहज जाणवते.

कापणीच्या वेळी विळा तळहातास लागला आणि कंडरा तुटली, तर स्नायू शाबूत असूनही बोट वाकत नाही. तुटलेले टोक स्नायूच्या ओढीने मागे सरकते. त्यामुळे वरची जखम भरली तरी कंडरा आपोआप सांधली जात नाही.

जखम लहान दिसली तरी बोट वाकत अथवा सरळ होत नसल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी, हात उंच ठेवावा आणि जखमी व्यक्तीस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे. कंडरा शिवल्यानंतरही ती सावकाश भरून येते. म्हणून सुमारे १२ आठवडे जड काम टाळून डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम नियमितपणे करावेत.