दुखणे नेमके सांगायला शब्द हवेत

१९५६ साली किनवट तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. आमचे बोथ आंध्रात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. दवाखान्यात बोलणे तेलुगूत होते. नुसते ‘पाठ दुखते’ म्हटले, तर खवाटा दुखतो की माकडहाड, हे डॉक्टरांना कसे कळावे? प्रौढ शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी १०६ हातापायांच्या पंजांतच. सारी पाठ करायला नकोत. पण नडगी, बरगडी, गुडघ्याची वाटी हे घरचे शब्द मुलांना यावेत. डावे-उजवे रोग्याचे धरतात, समोरच्याचे नव्हे. तेलुगूत डावे ‘एडम’, उजवे ‘कुडी’, हाड ‘एमुक’. पालकांनो, दोन्ही शब्द शिकवा. तेलुगूशी आमचे वैर नाही. मायबोलीतले दुखणे डॉक्टरांपर्यंत बिनचूक पोचावे, एवढेच आमचे मागणे आहे.